धूर आणि धूळ

निपाणी म्हटले की तंबाखू, हे समीकरण आमच्या सीमाभागात पिढ्यान्‌ पिढ्या रूढ आहे. ह्या पिकाला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली श्री. शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथेच मोठे आंदोलन उभारले आणि पोलिसांच्या गोळीबारात काहींना प्राणांस मुकावे लागले. अशा गावी धूम्रपानबंदीच्या कायद्याचा इतिहास सांगणे म्हणजे हलवायाच्या दारी उपासाचे माहात्म्य गाण्यासारखे काहींस वाटेल. तथापि तो इतिहास येथेच सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

श्री. मुरली देवरा ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कचेऱ्या आणि रेल्वेगाड्या इत्यादी ठिकाणी धूम्रपान बंद केले. दुसऱ्याच्या विडीचा धूर न ओढणाऱ्याच्या छातीत शिरतो. हे त्याच्या जीविताचे हरण होय आणि संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदास ते संमत नाही, हा त्यामागील विचार. २००३ साली संसदेने अधिनियम केला. २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आलेल्या नियमांनी कामाची ठिकाणेही बंदीच्या कक्षेत आणली. दोनशे रुपयांपर्यंतचा दंड कर्नाटकाने २०२५ साली एक हजारापर्यंत वाढविला.

ह्या अधिनियमाच्या चौथ्या कलमाची पाटी भिंतीभिंतीवर दिसते. दुसरे कलम मात्र सहसा कोणी वाचीत नाही. संघराज्याने तंबाखू उद्योग आपल्या नियंत्रणाखाली घेणे लोकहिताचे आहे, असे ते सांगते. मग आमचा प्रश्न असा : कचेरीत आलेल्या पक्षकाराचा श्वास जर कायद्याने जपावयाचा, तर वखारीत तंबाखू चाळणाऱ्या स्त्रीचा का नको? तिच्या नाकातोंडात धूर जात नाही, धूळ जाते. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार अधिनियमाने खेळती हवा ठेवणे आणि धुळीचा बंदोबस्त करणे ही मालकाची कर्तव्ये ठरविली होती. म्हणजे तत्त्व नवे नव्हे. उणीव आहे ती त्याच्या पालनाची.

देवाच्या सभामंडपात विडी पेटविण्यास कोणी धजत नाही. तेथे पाटी लागत नाही आणि दंडही लागत नाही. दुसऱ्याचा मान राखण्याची सवयच पुरेशी होते. तीच सवय उंबरठ्याबाहेर कचेरीत आणि वखारीतही आपल्यासोबत चालावी. ज्या दिवशी धुराइतकीच धूळही आम्हांस असह्य होईल, त्या दिवशी हा कायदा निपाणीत खऱ्या अर्थाने पोहोचला, असे आम्ही म्हणू.