रेलगन, नौदलाची

रेलगन, नौदलाची : दारूच्या स्फोटाऐवजी विजेच्या जोरावर गोळा फेकणारी युद्धनौकेवरील तोफ. दोन समांतर धातूपट्ट्या आणि त्यांना जोडणारा सरकता वाहक, म्हणजे आर्मेचर, एवढीच तिची मूळ रचना. पट्ट्यांतून काही मिलिसेकंद लाखो अँपिअरचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र आर्मेचरला आणि त्यापुढील गोळ्याला बाहेर रेटते. गोळ्यात सहसा स्फोटक नसते. त्याचा वेगच लक्ष्य उद्ध्वस्त करतो. जहाजाच्या पोटात दारूगोळा कमी ठेवावा लागणे आणि क्षेपणास्त्रापेक्षा गोळा कितीतरी स्वस्त पडणे, या दोन गोष्टींनी नौदलांना भुरळ घातली.

फ्रेंच संशोधक फॉशाँ-विलप्ले यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळातच अशी तोफ कल्पिली होती. 1970 च्या दशकात कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात सुमारे 3 ग्रॅमचा गोळा सेकंदाला 5.9 किमी. वेगाने सुटला. वेग मिळतो हे तेव्हाच सिद्ध झाले. टिकाऊपणाचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेचा. तेथील नौदलाच्या संशोधन कार्यालयाने 2005 मध्ये कार्यक्रम सुरू केला आणि व्हर्जिनियातील डालग्रेन येथे 2008 मध्ये 10.64, तर डिसेंबर 2010 मध्ये 33 मेगाज्यूल ऊर्जेचा मारा करून दाखवला. सुमारे 200 किमी. पल्ला आणि मिनिटाला 10 गोळे हे उद्दिष्ट होते. प्रत्येक माऱ्यात पट्ट्या तापतात, घासतात, वितळतात; शिवाय इतकी वीज पुरवणारी जहाजेही मोजकीच. झुमवाल्ट वर्गाच्या विनाशिकांत 78 मेगावॉट वीज होती, पण तशा नौका तीनच बांधल्या गेल्या. सुमारे 50 कोटी डॉलर खर्चून 2021 मध्ये काम थांबले. तोफ गेली, गोळा उरला : तिच्यासाठी घडवलेले अतिवेगी गोळे 2018 मध्येच ‘ड्यूई’ या विनाशिकेच्या साध्या 5 इंची तोफेतून डागले गेले होते.

जपानने हाव आवरली, हे शहाणपणाचे. त्याची तोफ 40 मिमी. व्यासाची आणि गोळा 320 ग्रॅमचा. सेकंदाला सुमारे 2,230 मी. वेगाने त्याची ऊर्जा 0.8 मेगाज्यूलच्या आसपास, म्हणजे अमेरिकी विक्रमाच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी. पण पट्ट्यांची झीज आवरून 120 मारे साधले. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘असुका’ या प्रायोगिक नौकेवरून समुद्रात मारा झाला. जहाजावरील रेलगनचा हा पहिला जाहीर मारा होय. 2025 मध्ये त्याच नौकेवरून लक्ष्य-जहाजावर नेम धरण्यात आला.

चीनमध्ये 2018 च्या सुरुवातीला वूहान येथील गोदीत एका उतरण-नौकेवर रेलगनसारखा प्रचंड बुरूज छायाचित्रांत दिसला. फ्रान्स-जर्मनीची सँ-लुई येथील संयुक्त संस्था आणि तुर्कस्तान यांचेही प्रयोग चालू आहेत.

भारतात हे काम पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेत झाले. तेथे 1994 मध्ये 240 किलोज्यूलच्या कपॅसिटर-संचाने 3 ते 3.5 ग्रॅमचे गोळे सेकंदाला 2,000 मी. पेक्षा अधिक वेगाने सोडले गेले. पुढे 12 मिमी. चौरस नळीची चाचणी होऊन 30 मिमी.चे उद्दिष्ट ठरले.