पुण्याच्या संगमावरील इंग्रजांची वकिलात

पुणें ही मराठ्यांची राजधानी असतां तेथें परदरबारचे जे वकील येऊन राहिले, त्यांत इंग्रजांच्या वकिलाचा वृत्तांत सर्वांत अधिक लिहिला गेला आहे. परंतु तो बहुतेक तहांचा व कारस्थानांचा वृत्तांत आहे. वकिलात शहराच्या कोणत्या अंगास होती, तेथें कां होती, आणि जागेचीच तक्रार शेवटीं युद्धाच्या तोंडापर्यंत कशी गेली, हा विषय मात्र प्रसंगानुरोधानेंच चर्चिला जातो.

इंग्रजांचें आरंभींचें येणें-जाणें तात्पुरतें होतें. टॉमस मॉस्टिन हा इ. स. १७६७ त थोरल्या माधवरावांकडे येऊन गेला व १७७२ त दरबारीं राहण्याकरितां पुन्हां आला. त्याच सालीं १८ नोव्हेंबरास माधवराव थेऊरास निवर्तले. पुढें लढाई जुंपली. १७७७ त सेंट ल्यूबिन नामक फ्रेंच गृहस्थ पुण्यांत नाना फडणिसांशीं बोलणीं करूं लागला, तेव्हां मॉस्टिनही तेथेंच होता. म्हणजे दोन परस्परवैरी टोपीकर एकाच शहरांत दरबाराची मर्जी राखीत होते! कायमची वकिलात सालबाईच्या तहानंतर (१७ मे १७८२) झाली. तिच्यावर चार्लस वॉर मॅलेट याची नेमणूक झाली. परंतु पुण्यास इंग्रजांचा निराळा वकील असावा हें महादजी शिंद्यांस रुचत नव्हतें. त्यांची संमति मिळविण्यास मॅलेट आधीं उत्तरेंत मथुरेकडे गेला आणि मग १७८६ त पुण्यास आला.

त्याच्या कारकीर्दींत वकिलातीचें ठाणें मुळा-मुठांच्या संगमावर बसलें. ही जागा शहराबाहेर, दोन नद्यांच्या बेचक्यांत आहे. येथें एक वाडा नव्हता. बागेंत विखुरलेले बंगले होते. माझ्या मतें ही जागा उभयपक्षीं सोयीची होती. इंग्रजांस मोकळी हवा व आपल्या रीतीनें राहण्याची मुभा मिळाली. दरबारास परका मनुष्य पेठांपासून दूर, पण नजरेच्या टप्प्यांत राहिला. दरबार व संगम यांमधील दळणवळण बहिरो रघुनाथ मेहेंदळे यांच्या मार्फत चाले. जेम्स वेल्स हा चित्रकार मॅलेटच्याच आश्रयानें पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना व महादजी यांच्या ज्या तसबिरी आपण आज पाहतों, त्यांतील उत्तम त्याच्या हातच्या होत. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्या हाताखालीं काम करी. संग्राहकांनीं संगमाचें हें ऋण विसरूं नये.

जागेच्या अंतराचा उपयोग १८०२ त दिसून आला. २५ ऑक्टोबरास हडपसराजवळ यशवंतराव होळकरांनीं शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा मोड केला, बाजीराव पळाले. रेसिडेंट बॅरी क्लोज मात्र निशाण लावून संगमावरच बसून राहिला. होळकरांनीं त्याच्या केसासही धक्का लावला नाहीं. उलट त्याची मध्यस्थी मिळावी अशी खटपट केली. विजयी सरदारही त्या निशाणास परक्या राज्याच्या वकिलाचें निशाण मानीत होता. पण ३१ डिसेंबरास वसईचा तह झाला आणि वकिलाच्या पाठीशीं तैनाती फौज आली. तिची छावणी गारपिरावर, शहराला अगदीं लागून पडली. बंगला पूर्वींच्याच जागीं राहिला, पण त्यांत राहणारा आतां वकील उरला नाहीं.

१८१७ च्या जून महिन्यांत पुण्याचा जाचक तह बाजीरावांच्या गळ्यांत बांधला गेला व ऑक्टोबरांत बापू गोखल्यांची फौज शहराभोंवतीं जमूं लागली. गारपिराची छावणी वेढली जाण्याचा रंग दिसला. मुंबईहून गोऱ्यांची पलटण घाट चढून, मावळांतून महिन्याच्या अखेरीस येऊन पोंचली, आणि १ नोव्हेंबरास सारी फौज गारपीर सोडून खडकीस गेली. शहरांत हें पळ काढणें समजलें गेलें. मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन, आपल्या कागदांतला अलपिष्टन, थोड्याशा पहाऱ्यानिशीं संगमावरच राहिला.

५ नोव्हेंबरास विठोजी नाईक गायकवाड बाजीरावांचा निरोप घेऊन त्याजकडे आले. मागणें असें कीं, गोरी पलटण परत पाठवावी, देशी फौज कमी करावी, आणि छावणी श्रीमंत दाखवितील त्या जागीं न्यावी. आपल्या राजधानींत परक्यानें कोठें राहावें हें ठरविण्याचा यजमानाचा जो हक्क मॅलेटच्या वेळीं कोणीं नाकारला नव्हता, तोच बाजीराव परत मागत होते. मागण्यांत गैर असें कांहींच नव्हतें. फक्त तें पंधरा वर्षें उशिरां आलें. एल्फिन्स्टननें नकार दिला, विठोजी परतले, आणि लगेच मराठी फौज हालली. अंगावरच्या कपड्यांनिशीं मंडळी बाहेर पडली व मुळा उतरून तिच्या डाव्या तीरानें खडकीच्या पुलाकडे गेली. मधें नदी होती म्हणूनच ते निभावले. वकिलातीची जागा दरबारानें शहरापासून तोडून दिली होती. त्या तोडण्याचा लाभ अखेर इंग्रजांस झाला.

मागें बंगले लुटून जाळण्यांत आले. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह व खासगी कागद त्यांत गेले. संशोधकाच्या दृष्टीनें ही हानि लढाईच्या निकालाहून लहान नाहीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल; पण ग्रंथ जमविणारास ती लहान वाटणारही नाहीं. सुदैवानें कलकत्ता व मुंबई येथें रवाना झालेलीं पत्रें उरलीं. यदुनाथ सरकार व गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३६ पासून तीं खंडशः छापलीं गेलीं. मॅलेटच्या काळाच्या खंडाच्या नांवांत तर ‘वकिलात’ या अर्थाचाच शब्द घातला आहे.

त्याच दिवशीं दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण येऊन इंग्रजांस मिळाली. ताथवडे-चिंचवडाकडून येणारी पवना मुळेस मिळते त्या परिसरांतलें हें गांव. १७ नोव्हेंबरास पुणें पडल्यावर वकिलातीचें प्रयोजनच संपलें. फोर्डचा दापोडीचा बंगला पुढें गव्हर्नर जॉन माल्कम यानें सरकाराकरितां घेतला, आणि गणेशखिंडींतील नवें गव्हर्नमेंट हाऊस १८६४ पासून बांधलें जाईपर्यंत मुंबईचे गव्हर्नर पुण्यास आले म्हणजे पवनेच्या शेजारींच उतरत. गणेशखिंडीची ती इमारत १९४९ त स्थापन झालेल्या पुणें विद्यापीठाकडे आली.