तुंगीगिरीचा बोध : शोकाकडून ध्यानाकडे

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील मांगी आणि तुंगी ही जोडशिखरे दिगंबर जैन परंपरेत सिद्धक्षेत्र म्हणून वंदनीय आहेत. राम, हनुमान, सुग्रीव आदी नव्व्याण्णव कोटी मुनी येथून निर्वाणास गेले, असे निर्वाणकांडाची परंपरा सांगते. २०१६ साली येथे भगवान ऋषभदेवांच्या १०८ फूट उंच प्रतिमेचा पंचकल्याणक महोत्सव झाला आणि क्षेत्राची कीर्ती दूरवर पोहोचली. परंतु या गिरीशी आणखी एक स्मृती निगडित आहे. भावाच्या मृत्यूने भान हरपलेल्या दोन महापुरुषांची ही स्मृती होय. जैन पुराणकारांनी शोकाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे तिच्यावरून कळते.

आचार्य जिनसेनांनी शके ७०५, म्हणजे इ.स. ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात बलभद्रांची कथा येते. द्वारका भस्मसात झाल्यावर दोघे बंधू वनात आले. बलभद्र पाणी आणण्यास गेले असता जरत्कुमाराच्या बाणाने श्रीकृष्णांचा अंत झाला. परतलेल्या बलभद्रांना बंधू झोपला आहे असेच वाटले. त्यांनी त्याला हाका मारल्या, स्नान घातले, वस्त्रे नेसवली आणि तो देह खांद्यावर घेऊन ते सहा महिने वनोवन हिंडले. अखेर त्यांचा पूर्वीचा सारथी सिद्धार्थ, जो देवगतीस गेला होता, त्याने त्यांना भानावर आणले. मग तुंगीगिरीवर श्रीकृष्णांचे दहन झाले आणि बलभद्रांनी मुनिदीक्षा घेऊन तेथेच तप केले. गडावरील कृष्णकुंड आणि बलभद्रांची गुंफा आजही यात्रेकरूंना ही कथा सांगतात.

याहून सुमारे शंभर वर्षे आधी, सातव्या शतकात आचार्य रविषेणांनी रचलेल्या पद्मपुराणातही असाच प्रसंग आहे. लक्ष्मणाच्या मृत्यूनंतर रामचंद्र सहा महिने त्याचे कलेवर सोडीत नाहीत. तेव्हा पूर्वजन्मीचे स्नेही असलेले कृतांतवक्त्र आणि जटायू यांचे जीव देवरूपाने येतात. वठलेल्या झाडाला पाणी घालणे, खडकावर बी पेरणे, घाण्यात वाळू गाळणे अशी निष्फळ कामे ते रामांसमोर करू लागतात. राम त्यांना त्यातील व्यर्थता दाखवितात. शेवटी खांद्यावर प्रेत घेतलेला देव पाहून राम त्याला हटकतात आणि त्याच्या प्रत्युत्तरात त्यांना स्वतःचीच अवस्था दिसते.

या दोन्ही कथांतील एक गोष्ट सहज नजरेआड होते. राम आणि बलभद्र हे शलाकापुरुष, त्याच भवात किंवा पुढे मोक्षास जाणारे जीव. तरीही त्यांच्या विलापाचे वर्णन करताना आचार्यांना संकोच वाटला नाही. बोध करणाऱ्या देवांनीही त्यांची निर्भर्त्सना केली नाही. मोठ्या व्यक्तीने असे रडू नये, असे कोणी म्हटले नाही. शोकग्रस्ताने स्वतःच पाहावे एवढीच व्यवस्था त्यांनी केली. जैन ध्यानविचाराचे सूत्र नेमके येथेच आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल असे चार प्रकार सांगितले आहेत. प्रिय वस्तूचा किंवा व्यक्तीचा वियोग झाल्यावर तिच्याच चिंतनात मन गुंतणे, हा आर्तध्यानाचा एक भेद. शोकाला ध्यान म्हणणे ही आचार्यांची अत्यंत सूक्ष्म दृष्टी होय. शोकाकुल मन चंचल असते असे आपण समजतो. वस्तुतः ते एकाच विषयावर असे स्थिर झालेले असते की अन्न, निद्रा, दिवसरात्र यांचेही भान राहत नाही. म्हणजे एकाग्रतेची शक्ती तेथे आहेच, तिची दिशा मात्र बदलावयाची आहे. म्हणून शास्त्रांनी शोक दडपण्यास न सांगता आर्तध्यानाकडून धर्म्यध्यानाकडे जाण्याची वाट आखून दिली.

या वाटेची पहिली पायरी म्हणजे बारा अनुप्रेक्षा. अनित्य, अशरण, संसार, एकत्व, अन्यत्व या क्रमाने चिंतन करताना साधक मृत्यूपासून पळत नाही, तर त्याच्याकडे टक लावून पाहतो. दुसरी पायरी सामायिकाची. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, समभावाने बसणे, येणाऱ्या विचारांमागे न जाणे आणि कायोत्सर्गात देहाचे ममत्व सोडणे. आचार्य शुभचंद्रांच्या ज्ञानार्णवात तर पिंडस्थ ध्यानाच्या पाच धारणा आहेत. पार्थिवीनंतर आग्नेयी धारणेत साधक आपला देह व कर्मे जळून राख झाल्याचे पाहतो, मारुतीत ती राख वारा उडवून नेतो, वारुणीत पर्जन्य उरलेली राख धुऊन टाकतो आणि अखेरीस निर्मळ आत्मा तेवढा उरतो. ज्याने स्मशानात आप्ताची चिता पाहिली आहे, त्याला या धारणांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हा मार्ग केवळ मुनींचा राहिला नाही. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई तारुण्यातच विधवा झाल्या. विधवेने कोपऱ्यात बसून आयुष्य कंठावे अशी रूढी असताना पित्याने त्यांना शास्त्राध्ययनाकडे वळविले. पुढे त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला आणि अनेक निराधार भगिनींना विद्येचा आधार दिला. तेरापंथ संप्रदायात आचार्य तुलसी यांच्या प्रेरणेने मुनी नथमल, म्हणजेच पुढील काळातील आचार्य महाप्रज्ञ, यांनी १९७५ साली प्रेक्षाध्यानाची पद्धती मांडली. श्वासाचे निरीक्षण, शरीरप्रेक्षा, कायोत्सर्ग आणि अनुप्रेक्षा ही तिची अंगे प्राचीन साधनेशी नाते सांगतात.

दुःख झालेल्या घरी बारा भावनांचे वाचन करण्याची पद्धत समाजात आहे. ती केवळ विधी म्हणून उरू नये. शोक करणे म्हणजे कर्मबंध, असे सांगून रडणाऱ्याला गप्प करणे हा पुराणांचा मार्ग नव्हे. आपले देवही सहा महिने थांबले होते आणि आले ते स्नेही म्हणून आले. वियोगी माणसाजवळ जाऊन बसणे, त्याला बोलू देणे आणि योग्य वेळी त्याच्यासोबत एक सामायिक करणे, हे साधर्मिक वात्सल्यच होय. तुंगीगिरीने राम-बलभद्रांच्या निमित्ताने शिकविलेला हा बोध घरोघरी जपला जावो.