हार्डवेअर बनवताना ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नेमकं काय?

हार्डवेअर प्रॉडक्ट कारखान्यात पाठवताना सॉफ्टवेअर, इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलवाले शब्द तेच वापरतात, अर्थ मात्र आपापला घेतात.

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या शेतासाठी आम्ही मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवत होतो. मी सॉफ्टवेअरवाला. ‘डबा मजबूत आणि वॉटरप्रूफ हवा’ एवढंच लिहून दिलं. मेकॅनिकलच्या मित्राने ॲल्युमिनियमचा डबा बनवला. मजबूत होता, पण अँटेना आत आणि धातूतून सिग्नल बाहेर पडेना. चूक त्याची नव्हती. अँटेना आत आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

मग काय लिहायचं?

- आकडा: ‘वॉटरप्रूफ’ऐवजी ‘आयपी ६७’. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडालं तरी बिघडणार नाही.
- कारण: ‘अँटेना आत आहे, म्हणून डबा प्लास्टिकचा.’
- एकक: १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान यामुळेच गेलं. एका टीमचे आकडे पाउंड-सेकंदात होते, दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले.
- चाचणी: कोण तपासणार आणि कसं?

हे एक पान साचा बनवायच्या आधी तिघांनी एकत्र बसून वाचा. कोडमधली चूक अपडेटने सुटते, साच्यातली नाही.