गलबताच्या तळाचा जुना लेप आणि आरमाराची छावणी

मराठ्यांच्या आरमाराच्या इतिहासाचीं साधनें पुष्कळशीं घाटावर सांपडावीं, ही वरवर पाहतां चमत्कारिक गोष्ट आहे. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचा आंग्रे घराण्याशीं झालेला पत्रव्यवहार उजेडांत आणला तो साताऱ्याच्या दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं. सातारकर महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशींतील उतारे निवडले ते गणेश चिमणाजी वाड यांनीं, तेही दप्तरांत बसून. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी कागद वाचून जो लेखसंग्रह छापला, त्यांतील मुख्य कथा तर घोडदळाच्या मोहिमांचीच आहे. सारांश, ज्यांनीं हे कागद जमविले, वाचले व आम्हांस वाचावयास शिकविले, त्यांच्या डोळ्यांपुढें वाहतें पाणी असे तें कृष्णेचें. खाऱ्या पाण्याचा संबंध क्वचितच. या थोर पुरुषांचें ऋण मान्य करूनच आम्ही म्हणतों कीं, त्यामुळें एका शब्दाचा अर्थ आपण सर्वांनीं आजवर अपुरा घेतला आहे. तो शब्द म्हणजे ‘छावणी’.

पावसाळा आला कीं फौज छावणीस जाई आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून बाहेर पडे. शिपाई घरीं जाऊन शेत पाही, घोडें चाऱ्यावर राही. छावणी म्हणजे विसांवा, हा अर्थ घाटावरील वाचकाच्या मनांत इतका मुरला आहे कीं, कागदांत ‘आरमार छावणीस घातलें’ असें आलें म्हणजे आरमारही चार महिने झोपीं गेलें असें तो समजतो. इंग्रजांचीं जहाजें बारमाही सज्ज आणि मराठ्यांचीं गलबतें वर्षाचा तिसरा हिस्सा आडवीं, अशी तुलना करून मराठ्यांच्या आळसावर टीका केलेलीही आम्हीं ऐकली आहे. वस्तुतः छावणें म्हणजे आच्छादणें, वर छप्पर घालणें. कोंकणांत आजही पावसाळ्याच्या तोंडावर नावा ओढून त्यांवर झाप घालतात, त्यास ‘नाव शाकारणें’ म्हणतात. घर शाकारणें व नाव शाकारणें हा एकच शब्द आहे, आणि घर शाकारणारा मनुष्य त्या दिवशीं विसांवा घेत नाहीं हें सांगावयास नको.

रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र इ. स. १७१५ च्या सुमाराचें. त्यांत आरमाराच्या छावणीविषयीं स्वतंत्र मजकूर आहे. दर्या खवळण्यापूर्वीं कांहीं दिवस आरमार आंत घ्यावें. उघड्या किनाऱ्यावर ठेवूं नये. जेथें किल्ला आणि खाडी आहे अशा बंदरीं ठेवावें. दरवर्षीं त्याच बंदरीं नेऊं नये. रात्रंदिवस पहारा असावा, असा त्याचा आशय आहे. रोख सुरक्षिततेवर आहे आणि तो राज्यकर्त्याच्या ग्रंथास शोभतोच. परंतु खाडींत घेतलेल्या गलबताचें पुढें चार महिने काय होई, हें कळण्यास गलबताच्या पाण्याखालच्या अंगाकडे पाहिलें पाहिजे.

खाऱ्या पाण्यांत लांकूड ठेवलें कीं त्यावर प्रथम बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग बार्नेकल नांवाचे कवचधारी जीव. हे एकदां चिकटले म्हणजे जागा सोडीत नाहींत. मेले तरी कवच राहतें आणि त्यावर दुसरे बसतात. कांहीं महिन्यांत तळ खडबडीत होतो आणि तेंच शीड व तेच वारे असतां गलबत मंद चालूं लागतें. हा झाला बाहेरचा शत्रु. आंतला याहून वाईट. लांकूड पोखरणारा एक समुद्री जीव आहे. त्यास किडा म्हणतात, पण तो खरा शिंपल्यांच्या जातीचा. तो अगदीं बाल्यावस्थेंत, टांचणीच्या अग्राएवढें भोंक पाडून आंत शिरतो आणि मग आंतल्या आंत वाढत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आंत तिची चाळण झालेली असते. साग या किड्यास पुष्कळ दाद देत नाहीं, पण सर्वस्वीं अभेद्य असें लांकूड नाहीं.

आंग्र्यांच्या गलबतांस या दोहोंचा धाक विशेष असला पाहिजे. रॉबर्ट ऑर्म यानें केलेलें वर्णन प्रसिद्ध आहे: गुराबा दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या, सुमारें १५० ते ३०० टनांच्या, लांबीच्या मानानें रुंद आणि फार थोड्या पाण्यांत चालणाऱ्या, गलबतें ७० टनांच्या आंतलीं, वल्ह्यांचीं. मोठ्या तोफखान्याच्या जहाजास गांठावयाचें अथवा त्याच्यापासून निसटावयाचें, तें वेगाच्याच बळावर. ज्याचा तळ घाण झाला त्याचा वेग गेला, आणि वेग गेला तर अशा आरमाराजवळ उरलें काय?

यावर उपाय लेपाचा. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर तळास तेल पाजण्याची व चुना आणि तेल एकत्र कांडून त्याचा लेप देण्याची रीत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरतेस आलेला डच प्रवासी स्टाव्होरिनस यानेंही तेथील जहाजांच्या तळांस अधूनमधून तेल चोळीत, व तें फळ्यांत मुरे, असें लिहून ठेविलें आहे. चुन्याचा तेलाशीं संयोग होऊन पाण्यांत न विरघळणारा, घट्ट साबणासारखा थर बनतो. त्याखालच्या लांकडापर्यंत किड्याचें बाल पोंचत नाहीं. परंतु हा लेप म्हणजे कायमचा गिलावा नव्हे. तो तडकतो, घांसला जातो, जागोजागीं सुटतो.

येथेंच खरें काम सुरू होतें, आणि ज्यानें तें कधीं पाहिलें नाहीं त्यास तें क्षुल्लक वाटतें. जुन्या लेपावर नवा लेप दिला तर भागत नाहीं. जुना थर जेथें आंतून सुटला असेल तेथें नवाही त्याच्यासकट गळून पडतो. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे किड्याचें भोंक जुन्या लेपाखालीं झांकलेलें राहतें. म्हणून जुना लेप लांकडापर्यंत काढावाच लागतो. तळाखालीं पेंढा अथवा वाळलेल्या झावळ्या पेटवून आंच द्यावयाची. लेप मऊ होतो, शेवाळ करपतें, वरवरचे जीव मरतात. मग गरम असतांनाच लोखंडानें खरवडावयाचें. आंच कमी पडली तर लेप निघत नाहीं. जास्त झाली तर सांध्यांतील कापूस व राळ जळून सांधे उघडे पडतात. खरवड हलकी झाली तर थर राहतो. जड झाली तर दरसाल फळी पातळ होत जाते. मग सांधे तपासून कापूस किंवा काथ्या नवा ठोकावयाचा, राळ ओतावयाची, भोंकें बुजवावयाचीं, कुजकी फळी बदलावयाची, आणि लांकूड पुरतें सुकल्यावर नवा लेप द्यावयाचा. हें सर्व तळ उघडा असल्यावांचून होत नाहीं. ऑर्मनें सांगितलेली थोड्या पाण्यांत चालण्याची गोष्ट येथें उपयोगी पडते. रुंद, उथळ तळाची नाव उधाणाच्या भरतीस चिखलावर चढवून ओहोटीस कलती करतां येते. खोल तळाच्या विलायती जहाजास तें संकटाचें होई.

हा सर्व विचार आमच्या मनांत आला तो मात्र समुद्राकांठीं नव्हे, सांगलीस. तेथें १९२९ सालीं आयर्विन पूल झाला. त्यापूर्वीं सांगलवाडीकडील जाणेंयेणें नावेवर चाले. नावांचें महत्त्व घटलें तरी नाव गेली नाहीं. औदुंबरास पलीकडे भुवनेश्वरीच्या दर्शनास जाणारे लोक नावेंतूनच जातात. कृष्णेच्या कांठीं एक जुनी लांकडी नाव पालथी घालून एक म्हातारे नावाडी तिचें डांबर काढीत होते. आंच देऊन मऊ झालेला थर ते खुरप्यानें उचलीत आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या सुटलेल्या पदराप्रमाणें एकेक पापुद्रा वेगळा होई. आम्ही मोजूं लागलों तों सात निघाले. ‘वर्षाला एक?’ असें विचारतां ते हंसले. म्हणाले, ‘आवो, पैसा आसल त्या वर्षाला.’ खालची फळी आम्हीं बोटांनीं चांचपली. पाण्याच्या रेघेजवळ ती नरम होती, बाकी सर्वत्र निर्दोष. एकही भोंक नाहीं. किड्याविषयीं विचारलें तेव्हां त्यांस प्रश्नच कळला नाहीं. ‘हितल्या पान्यात किडा न्हाई. हितं कुजतंय निस्तं.’

हें वाक्य आमच्या मनांत घोळत राहिलें. गोड्या पाण्यांत तो किडा नाहीं, इतकेंच नव्हे. खाऱ्या पाण्यांतील किडाही गोड्या पाण्यांत जगत नाहीं. संकट आलें म्हणजे तो आपल्या भोंकाचें तोंड आंतून बंद करून घेतो आणि कित्येक आठवडे तग धरतो, परंतु महिन्यांमागून महिने गोडें पाणी राहिलें तर मरतो. म्हणूनच किडलेलीं जहाजें नदीच्या मुखांतून वर नेऊन ठेवण्याची चाल अनेक देशांच्या खलाशांत होती. आतां महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत उभें राहून पाहावें. तेथें ज्या पांच नद्यांचा उगम मानितात, त्यांपैकीं कृष्णा सातारा व सांगली या प्रांतांतून पूर्वेस जाते, आणि सावित्री घाट उतरून बाणकोटच्या खाडीस मिळते. बाणकोट म्हणजे आंग्र्यांचा हिंमतगड. १७५५ त तो इंग्रजांनीं घेऊन त्यास फोर्ट व्हिक्टोरिया नांव दिलें. ज्या पावसानें साताऱ्याकडील ओढे भरतात, तोच पाऊस आषाढ-श्रावणांत कोंकणच्या खाड्यांत गोड्या पाण्याचा लोंढा सोडतो. खाडीच्या मुखाशीं भरतीबरोबर खारें पाणी येतच राहतें. पण जितकें आंत जावें तितका गोडेपणा वाढतो. तेव्हां उघडा किनारा टाळून आरमार खाडींत ठेवण्याचा नियम वादळापासून रक्षण करी, त्याचबरोबर तळांतल्या किड्याचाही निकाल लावी, असें आमचें मत आहे. नियम करणारांनीं हें जाणून केलें कीं अनुभवानें तें आपोआप साधलें, हा वाद तूर्त बाजूस ठेवूं. फळ तेंच.

विजयदुर्गापासून सुमारें दोन मैलांवर, वाघोटण खाडींत, आंग्र्यांची गोदी आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरांत तिचीं मापें दिलीं आहेत: लांबी ३५५ फूट, तोंडाशीं रुंदी २२७ फूट. पुढें ती गाळानें भरत गेली. इतकी रुंद जागा एका जहाजासाठीं खोदीत नाहींत. भरतीस अनेक गलबतें आंत घ्यावीं आणि ओहोटीस एकदम सर्वांचे तळ उघडे करावे, हाच तिचा हेतु असावा असें आम्हांस वाटतें. मुंबईस इंग्रजांची कोरडी गोदी १७५० त तयार झाली. तिला दरवाजे होते, म्हणून तेथें ऋतूची वाट पाहावी लागत नसे; बारमाही सज्जतेचें रहस्य शिपायाच्या उत्साहांत नसून या दरवाज्यांत आहे. पुढें १७६१ त इंग्रजांनीं ‘अलार्म’ नांवाच्या युद्धनौकेच्या तळास तांब्याचे पत्रे मारून पाहिले व १७७९ नंतर ती चाल त्यांच्या आरमारांत सर्रास झाली. तांब्यावर जीव बसत नाहीं, किडा शिरत नाहीं, खरवडण्याची यातायात वांचते. मुंबईस सागाची बांधलेली १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप पाण्यावर आहे. तांब्याचा गुण पुढें रंगांत उतरला. मग कथिलाच्या संयुगांचे याहून जालीम रंग निघाले. त्यांनीं आसपासचे शंख-शिंपलेही बाधूं लागले, तेव्हां आंतरराष्ट्रीय करारानें २००८ पासून ते बंद झाले. अशा जुन्या रंगाची खरवड आतां पाण्यांत पडूं देत नाहींत. चुन्याच्या लेपाची खरवड मात्र ओहोटीबरोबर बिनघोर वाहून जाई, आणि तिच्याबरोबर आमचा पुरावाही गेला.

कारण आरमारी तळाचा एक पापुद्राही आज हातीं नाहीं. तुळाजी आंग्र्यांचें आरमार फेब्रुवारी १७५६ त विजयदुर्गास जळालें. त्यानंतरचें पेशव्यांचें आरमार, ज्यानें आनंदराव धुळपांच्या हाताखालीं ८ एप्रिल १७८३ रोजीं इंग्रजांचें ‘रेंजर’ पकडून विजयदुर्गास आणलें, तेंही लांकडाचें होतें आणि लांकडाच्या वाटेनें गेलें. त्या लढाईची तारीख पाहावी. चैत्राचा महिना; छावणी अद्याप दूर. मागच्या पावसाळ्यांत तळ कसा काढला, यावर त्या दिवसाचा वेग अवलंबून होता. लढाईचें पत्र आपण जपतों. तळाचा हिशेब जपत नाहीं.

आणि तो हिशेब आपल्याच हातून जातो, हें सांगतांना आम्हांस संकोच होतो. सातारा जिल्ह्यांतील एका घरीं आम्हांस एक रुमाल दाखविण्यांत आला. पत्रें वेगळीं काढून नीट गुंडाळलेलीं. त्यांत घाटाखालच्या कारभाराचाही मजकूर होता. हिशेबाचे बंद कोठें आहेत असें विचारतां यजमान म्हणाले कीं, ते किरकोळ तेलमिठाचे होते, मागल्या पिढींतच एका संग्राहकानें पाहून निरुपयोगी ठरविले आणि रद्दींत गेले. तेलमीठ! तें तेल दिव्याचें होतें कीं तळाचें, हें आतां कोण सांगणार? आम्ही त्या संग्राहकास दोष देत नाहीं. वीस वर्षांपूर्वीं आम्हींही तेंच केलें असतें.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं कोंकणच्या कारभाराशीं संबंध आलेल्या घराण्यांचे मोडी बंद असतील, त्यांनीं पुढील जिनसा एकाच खर्चांत येतात काय तें पाहावें: तेल, चुना, राळ, कापूस, काथ्या, आणि पेंढा किंवा झावळ्या. सुटा चुना घराच्या कामाचा असूं शकेल, सुटें तेल देवाचें. पण पेंढा व राळ जवळजवळ आलीं तर संशयास जागा फार थोडी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथि. पेंढा ज्येष्ठांत आणि चुना-तेल भाद्रपदांत पडलें असेल, तर गलबत खाडींत शिरतांच जुना लेप काढून तळ पावसांत तसाच मोकळा ठेवीत आणि उघडीप होतांच नवा देत, असें सिद्ध होईल. दोन्हीं खर्च भाद्रपदांतले निघाले, तर गोड्या पाण्यानें किडा मेल्यानंतरच तळास हात लावीत, असें मानावें लागेल. दोन्हीं ज्येष्ठांतले निघाले, तर गोड्या पाण्याविषयींचें आमचें वरील अनुमान पुष्कळ लंगडें पडेल आणि तें आम्ही मागें घेऊं. असा एखादा बंद कोणास सांपडल्यास त्यानें त्याची नक्कल, फाटक्या कडांसह व तिथीसह, मंडळाकडे पाठवावी. ती याच त्रैमासिकांत छापतां येईल.