बांधाबाहेरची कांदळ

इंदूर-ग्वाल्हेरकडचे नातेवाईक आमच्याकडे यायचे तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "समुद्र कुठाय?" समुद्र आमच्या गावात नव्हताच. आमचं घर तिसवाडीत, कुंभारजुवे कालव्याच्या अंगाला. हा कालवा म्हणजे मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी साधारण 15 किलोमीटरची पाण्याची वाट. समुद्र दिसत नसला तरी तो दिवसातून दोनदा आमच्या परसदारी येऊन जायचा. मांडवीत भरतीचं पाणी मुखापासून सुमारे 50 किलोमीटर आत, थेट गांजेपर्यंत चढतं. त्यामुळे आमच्याकडे मुलांना घड्याळ कळायच्या आधी भरती-सुकती कळायची, आणि अष्टमीचा भांग व अमावास्येचं उधाण यातला फरकही.

पाहुण्यांना मग आम्ही बांधावर न्यायचो. बांधाच्या एका बाजूला कालवा आणि दुसऱ्या बाजूला भातशेत. भरतीच्या वेळी उभं राहिलं की ध्यानात यायचं, बाहेरचं पाणी वर आहे आणि आतलं शेत खाली. ग्वाल्हेरच्या आत्याबाईंनी एकदा हे बघितलं आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

या जमिनीला खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन आहे. खाडीकाठची खारट, चिखलाची, भरतीत बुडणारी जमीन बांध घालून पाण्यापासून सोडवलेली. हे काम पोर्तुगीजांनी केलं असं काही जण अजून सांगतात, ते साफ खोटं. बांदोड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मा राजाच्या ताम्रपटात खाजन जमिनीचं दान आहे, आणि जंगल तोडून, बांध घालून ती लागवडीला आणायची गोष्ट आहे. हा ताम्रपट दीड हजार वर्षांच्या घरातला. पोर्तुगीज आले तेव्हा गावोगावच्या गावकऱ्या हे बांध सांभाळतच होत्या. 1526 मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने गावकऱ्यांचे रीतिरिवाज फोराल नावाच्या दस्तऐवजात नोंदवून घेतले. लिहून घेणारे ते, रीत आपली.

बांधाचं सामान सगळं जवळपासचंच: खाडीचा चिखल, भाताचा पेंढा, बांबू, कांदळीच्या फांद्या, आणि जिथे पाण्याचा मार जास्त तिथे जांभा दगड. बांधात ठरावीक जागी मानस, म्हणजे लाकडी दारांचं पाणदार. भरतीच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, सुकतीला आतलं पाणी ढकलून उघडतात. मानशीच्या आत पोंय, म्हणजे खोलगट डोह, तिथे काळुंदर, शेवटे, सुंगटं. मानशीवर जाळं लावायच्या हक्काची दर वर्षी पावणी व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. शेतात कोरगुट नावाचं खारं सोसणारं भात. पाऊस आधी जमिनीतलं मीठ धुऊन काढणार, मग पेरणी.

पण मला सांगायचं आहे ते बांधाच्या बाहेरच्या झाडांबद्दल.

बांध आणि कालवा यांच्यामध्ये पंधरा-वीस पावलं रुंदीची झाडी होती. पाण्याकडे कमानीसारखी मुळं टाकून उभी असलेली कांदळ, मागे तिवर, मध्येच चिपी, बांधाच्या पायाला काटेरी पानांची मारांडी. आता सरसकट खारफुटी म्हणतात, आमच्याकडे तो शब्द उशिरा आला. आजोबांचा नियम होता: फांदी घ्या, खोडाला कोयती लावू नका. मानस सांभाळणारा एक म्हातारा होता, तो हेच कोंकणीत सांगायचा, "कांदळां गेलीं जाल्यार बांदूय वतलो." आम्हाला वाटायचं, जुन्या लोकांना भुताखेतांसारखी झाडांचीही भीती असते.

हे खरं कसं होतं ते मला फार नंतर, निवृत्तीनंतर वाचायला लागल्यावर उमगलं. कुठलीही लाट म्हणजे पुढे सरकणारी शक्ती. ती मुळांच्या जाळीत शिरली की प्रत्येक मुळाभोवती पाणी वळतं, भोवरे होतात, आणि त्या घुसळणीत तिची ताकद संपते. योशिहिरो माझदा या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावर हे मोजलं. 1997 मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं. दीड किलोमीटर रुंद, सहा वर्षं वयाच्या लागवडीमागे समुद्रातली 1 मीटरची लाट काठाला पोचेपर्यंत 5 सेंटिमीटर उरत होती. झाडं नसती तर ती 75 सेंटिमीटर उरली असती. तिथलं झाड कँडेलिया, आमच्या कांदळीच्या कुळातलं. गंमत म्हणजे शास्त्रातलं हे नाव मलबारच्या किनाऱ्यावरच्या बोलीतूनच उचललेलं आहे.

आता कोणी म्हणेल, दीड किलोमीटर कुठे आणि तुमची वीस पावलं कुठे. बरोबर आहे. वेगवेगळ्या देशांतल्या मोजण्या एकत्र पाहिल्या तर 100 मीटर झाडीत लाटेची उंची 13 ते 66 टक्के कमी होते असं दिसतं. झाडी किती दाट, पाणी किती खोल, यावर सगळं. पाणी मुळांच्या उंचीपर्यंत आहे तोवर अडथळा जबर. ते मुळांच्या वर चढून नुसत्या खोडांमधून वाहायला लागलं की अडथळा कमी, आणि पानाफांद्यांना टेकलं की पुन्हा वाढतो. म्हणजे ऐन उधाणात आमच्या पट्ट्याने लाटेचा थोडाच भाग खाल्ला असणार.

त्या झाडांचं मोठं काम निराळं होतं. खाडीच्या मधल्या वाटेत पाणी सेकंदाला मीटरभर वेगाने धावू शकतं, पण झाडीत शिरलेलं पाणी बहुधा सेकंदाला 10 सेंटिमीटरही सरकत नाही. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि पाणी संथ झालं की खाली बसतात. तिवराच्या जमिनीतून वर आलेल्या, पेन्सिलीएवढ्या असंख्य मुळ्या तो गाळ धरून ठेवतात. असं वर्षानुवर्षं चालून बांधासमोर चिखलाचा उंच ओटा तयार होतो. लाट आली की ओट्यावर तिचे पाय अडखळतात आणि ती बांधाला लागायच्या आधी फुटते. बांध राखतो तो ओटा, आणि ओटा राखतात मुळं.

आणखी एक गोष्ट वाचून मी थक्क झाले. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडजवळच्या हिंचिनब्रुक बेटावर एरिक वोलान्स्की यांनी खाड्यांचे प्रवाह मोजले. उधाणाला पाणी झाडीत पसरतं, मुळं ते रोखून धरतात, ते मागे रेंगाळतं. सुकती लागल्यावर खाडीची पातळी झपाट्याने उतरते आणि मागे राहिलेलं पाणी जोराने ओहोळात येतं. म्हणून अशा खाडीत सुकतीचा प्रवाह भरतीपेक्षा जोराचा असतो आणि तोच तळ खरवडून वाट खोल ठेवतो. झाडी काढून जमीन भरली की हा जोर जातो आणि खाडी हळूहळू गाळाने भरते. खाजनांसाठी आपल्या पूर्वजांनीही झाडी तोडलीच होती, हे इथे कबूल करायला हवं. बाहेरचा पट्टा आणि मानस त्यांनी ठेवली, एवढाच त्यांचा शहाणपणा. तोही लहानसहान नव्हे.

या पाण्याशी मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा आहे. कालव्याच्या जवळच जुवें, म्हणजे सांत इस्तेव्ह बेट. नोव्हेंबर 1683 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने तिथला किल्ला घेतला, आणि तो परत घ्यायला आलेल्या विजरई कोंद दी आल्व्होरला माघार घ्यावी लागली. त्या पाठलागात महाराजांनी घोडा खाडीत घातला, भरतीचं पाणी चढत होतं, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी टाकून त्यांना सावरलं, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली. मला ती वाचताना नेहमी काठचा चिखल आठवतो. त्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, घोड्याचं तर विचारूच नका.

आता आमच्या घरचं. हे मी इतकी वर्षं लिहिलं नव्हतं.

1961 नंतर दोन गोष्टी झाल्या. 1964 च्या कुळकायद्याने कसणाऱ्या कुळाला संरक्षण दिलं. ते न्यायाचंच होतं, आमच्या घरातही काहींना ते तेव्हा रुचलं नाही, पण न्यायाचंच होतं. मात्र बांधाची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांवर आली आणि त्या अदलाबदलीत बऱ्याच ठिकाणी बांधाला वाली राहिला नाही. दुसरी गोष्ट, खाणी. लोहखनिज भरलेल्या बार्जींची रांग नदीतून मुरगाव बंदराकडे जायची. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा येतो, मांडवीचं मुख बंद. मग त्या बार्जी कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरायच्या. म्हणजे बांध पावसाने भिजून सर्वात मऊ झालेला असताना अरुंद कालव्यात सर्वात मोठ्या लाटा. वाऱ्याने आमच्या कालव्यात कधी तशी लाट उठली नव्हती.

1978 च्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या काकांनी होडी लावायला सोयीचं म्हणून बांधासमोरची कांदळ तोडली. फार नाही, दोन होड्या शेजारी राहतील एवढीच रुंदी. आजोबा तेव्हा नव्हते. म्हाताऱ्याने हटकलं, तर काका म्हणाले, "अरे, दहा झाडं गेली म्हणून काय समुद्र आत येणार आहे?" लाकूड आम्हीच जाळलं. मला आठवतं, त्या वर्षीच्या पापडांचं पीठ त्याच जळणावर उकडलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी तिथला ओटा ढोपरभर खाली गेल्याचं दिसलं. मुळं कुजली तशी माती सुटली. तुटक्या पट्ट्यातून प्रवाहाला आत शिरायला तोंड मिळालं आणि दोन्ही कडांची झाडंही कलली. तिसऱ्या वर्षी, 1981 ला, पिठोरी अमावास्येच्या उधाणाला पहाटे बांध फुटला. फुटला तो बरोबर त्याच जागी. लोक पेंढा, माती, बांबू घेऊन धावले, पण भोक बैलगाडीएवढं झालं होतं. उजाडलं तेव्हा पोटरीत आलेलं भात पाण्याखाली होतं. आमचं थोडं आणि शेजारच्या अकरा घरांचं बरंच.

आम्हाला कोणी तोंडावर बोललं नाही. बार्जींना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या. दोन्ही खरंच होतं, त्यामुळे आमचं झाकलं गेलं. म्हातारा मात्र त्यानंतर आमच्या घरी चहाला आला नाही.

तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुण्यात गेले, तेवढी वर्षं पीक नाही. बांध जांभ्याने बांधून काढला. काकांनीच कांदळीच्या शेंगा आणून समोर रोवल्या. कांदळीचं बी झाडावरच रुजतं, लांब शेंगेसारखं लोंबतं आणि बाणासारखं चिखलात पडतं. दोनदा रोवल्या, दोनदा वाहून गेल्या. रोपाला मूळ धरायला काही दिवस तरी लाटेपासून सुटका लागते, आणि खरवडलेल्या उतारावर ती मिळत नाही. शेवटी म्हाताऱ्यानेच, काकांना नव्हे तर माझ्या वडिलांना, निरोप धाडला: आधी पाण्याकडे बांबूचं कूड घाला, गाळ बसू दे, मग झाडं. कूड घातलं. मागे दोन वर्षांत चिखल चढला आणि त्यावर आधी तिवर आपसूक उगवला, कोणी न लावता.

आता उलटंच दिसतं. जिथे फुटलेले बांध कुणी बांधलेच नाहीत तिथे शेतातच खारफुटीचं रान माजलं आहे. वनखात्याच्या 2019 च्या मोजणीत गोव्यात सुमारे 26 चौरस किलोमीटर खारफुटी होती, आणि ती तोडायला कायद्याने बंदी. शहरातले लोक आनंदतात. शेतकरी म्हणतो, बांधाच्या अंगात घुसलेली मुळं आणि तिथे कुर्ल्यांनी पाडलेली बिळं बांध पोखरतात. तोही चूक नाही. झाड बांधाच्या बाहेर हवं, अंगावर नको. हा फरक कागदावरच्या नकाशात दिसत नाही, सुकतीला खाली उतरून बघावा लागतो.

2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा कालवा एकदम गप्प झाला होता. त्या वर्षी मी गेले होते. काका ऐंशीच्या पुढे, काठी टेकत बांधावर आले. तोडलेल्या जागी आता दाट झाडी होती, तरी त्यांनी काठीने नेमकी जागा दाखवली, "हितपासून हितपर्यंत." मग बराच वेळ खाली वाकून मारांडीची जांभळी फुलं बघत राहिले. भरती लागली होती, पाणी मुळांमधून आवाज न करता वर चढत होतं. मी म्हटलं, "काका, चला, अंधार होईल." ते म्हणाले, "थांब, भरती पुरी होऊ दे."