धावेतला ताण

मी कवितेचा माणूस, बी.ए. झालेला. तरीही आज लोखंडाविषयी बोलणार आहे.

सत्तरच्या दशकात इंदापुरात उसाचा हंगाम जवळ आला, की लोहाराच्या भात्याला उसंत नसे. अब्बांचं बोट धरून मी बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहायचो. गोवऱ्यांच्या आरात लाल झालेली लोखंडी धाव चौघे जण सांडशीनं उचलत, लाकडी चाकावर बसवत आणि वरून पाणी ओतत. चर्र आवाज होई आणि आरे करकरत तुंब्यात घट्ट बसत. धाव मुद्दाम चाकापेक्षा तोकडी केलेली असे. किती तोकडी, हे लोहाराला आधीच ताडावं लागे. अंदाज चुकला, तर एक तर धाव निसटे, नाही तर आरे मोडत.

शंभर अंशांनी तापलं, की मीटरभर लोखंड सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. निवताना ते आक्रसतं. आक्रसू दिलं नाही, तर ती ओढ अंगातच राहते. धातूच्या अंगात अशी कोंडून राहिलेली ओढ म्हणजे अवशिष्ट ताण. चाकातली ओढ कामाची. पण ती घातही करते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात ठेवल्या जागीच तडकायची. काडतूस घडवताना पितळात ताण उरायचा आणि तबेल्यातला अमोनिया दमट हवेत त्यावर घाव घालायचा. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी हे उलगडलं. घडवल्यावर पितळ बेतानं तापवून ताण उतरवणं, हा त्यावरचा उपाय.

आता थ्रीडी प्रिंटिंगचं पाहा. लेसर धातूची भुकटी वितळवून थरावर थर चढवतो. प्रत्येक नवा थर निवताना आक्रसू पाहतो आणि खालचा थर त्याला धरून ठेवतो. थर असतात हजारो. बारामतीत वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या भाच्यानं असा एक भाग बाहेरून छापून आणला. खालच्या पाटावरून कापताच त्याच्या कडा वर उचलल्या. माल नापास झाला, ऑर्डर गेली.

म्हणून छपाईआधीच संगणकावर हा ताण ताडतात. लेसरची प्रत्येक रेघ मोजायला फार वेळ लागतो. त्यामुळे छोटा नमुना छापून तो किती वाकला ते पाहतात आणि त्यावरून मोठ्या भागाचा हिशेब मांडतात. ही रीत मुळात जपानमधल्या वेल्डिंगच्या अभ्यासातून आली. अंदाज हाती आला, की आकार आधीच उलट्या बाजूनं थोडा वाकवून छापता येतो किंवा पाटावरून कापण्याआधी भाग भट्टीत तापवून ताण उतरवता येतो.

भाच्याला मी धावेची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, “मामू, लोहार धाव किती तोकडी ठेवायचा?” मला सांगता आलं नाही. ते माप कुणी लिहून ठेवलं नाही. तुमच्या गावात धाव चढवणारे जुने हात अजून असतील, तर त्यांना एवढं विचारून घ्या.